पहिले तार

"पहिले तार," असं म्हणून काका कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडायचे, आतल्या हार्डडिस्कची लाल चपटी तार दोन्ही टोकांनी उपटायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे. तिचं एक टोक पेनाशेजारून बाहेर डोकावत राहायचं. स्क्रू जेवणाच्या डब्याच्या झाकणात जायचे, मोजून. मग दोन्ही हात मांड्यांना पुसून काका म्हणायचे, "हं, आता बोल."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस येत असेल. रेक्झिनची पिशवी, सायकलच्या क्लिपेत अडकवलेला पँटचा पाय. त्याला चहा विचारायचा राहून जातो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे काका. देखभालीचं काम एका एजन्सीकडे होतं आणि एजन्सी काकांना पाठवायची. बाकीचे त्यांना 'मैकेनिक भैया' म्हणत. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून माझे ते काका. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा मी टाइप केलेलं आहे, तेवढं पुरे.

त्यांचा एका गोष्टीत हातखंडा होता. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, ते पेनड्राइव्हवर बसवून द्यायचे. मग तो पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावा, मशीन त्याच्यावरून सुरू होणार, आणि काढून घेतला की मशीन पूर्वीसारखं. त्या दिवसांत ऑफिसातल्या निम्म्या मशीनांना व्हायरस झालेला असायचा, त्यामुळे काकांचा पेनड्राइव्ह म्हणजे घरून आणलेलं उकळलेलं पाणी. पण तो बनवताना एक चूक हमखास होते. पेनड्राइव्हवर लिहायचं ते नकळत मशीनच्या डिस्कवर लिहिलं जातं. म्हणून काका डिस्कची तारच काढून टाकत.

लोक हसायचे. स्क्रीनवर नीट वाचून निवडलं की झालं, एवढ्यासाठी डबा कशाला खोलायचा?

"वाचशीन रे," काका म्हणायचे, "पण ज्या दिवशी डोकं ठिकाणावर नसन, त्या दिवशी काय करशीन?"

राज्य नवं होतं आणि राजधानी म्हणून रायपूरही नवं. आमचं कार्यालय मात्र एका जुन्या शाळेत भरायचं. साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे काळा फळा तसाच होता, आणि कोणी बोलणी खात असला की तो खरोखरच वर्गासमोर उभा केल्यासारखा दिसायचा.

काका मशीन उघडण्याआधी खिडकीच्या गजांना हात लावायचे. अंगातली वीज जमिनीत जावी, आतले नाजूक भाग जळू नयेत, म्हणून. खिडकीबाहेर हनुमानाचं मंदिर होतं. आमच्या बडे बाबूंना, म्हणजे मुख्य लिपिकांना, वाटलं की हा भक्त माणूस आहे. काकांनी गजाला हात लावला की तेही खुर्चीतून अर्धवट उठून हात जोडत. वर्षभर हे चाललं. मी एकदा काकांना म्हटलं, त्यांना खरं सांगा ना.

"काहून सांगू? त्याचा बी नमस्कार होते, माझं बी काम होते."

मशीनवर इंग्रजीत काही चूक झळकली की काका ती मोठ्यानं वाचायचे, एकेक शब्द बोटाखाली धरून, पहिलीतल्या मुलासारखे. इंग्रजी त्यांना त्याहून जास्त येत नव्हतं. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, स्वतः आयटीआय, आधी रेडिओ, मग टीव्ही, मग हे. लिनक्स ते रद्दीतल्या मासिकांबरोबर आलेल्या सीड्यांवरून शिकले. मशीनला ते 'बाई' म्हणायचे. "काहून रुसली बाई? सांग मले." आणि वाचत राहायचे. बाकीचे मेकॅनिक चूक न वाचताच सगळं पुसून नव्यानं भरून टाकत. काका शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत.

मी अभनपूरचा. बाबा राईस मिलमध्ये पोती वाहायचे. आई गोंदियाकडची, तिनं पाटीवर मला मराठी शिकवलं, बाकी सगळं हिंदीत झालं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी बाबांनी तो कागद हातात घेण्याआधी हात धुतले होते. कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून मी या ऑफिसात लागलो तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि पुढची कित्येक वर्षं होणारही नव्हता.

हे काकांच्या लक्षात कसं आलं, माहीत नाही. एका दुपारी म्हणाले, "चार जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन ये. तुले तुझा कॉम्प्युटर करून देतो."

जेवणाच्या सुट्टीत बसलो. तार खिशात गेली, स्क्रू झाकणात. पेनड्राइव्हवर लिहिणं फार सावकाश चालतं. पट्टी मुंगीसारखी सरकत होती. काकांनी पोळी आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. "खाय. पाहून पाहून ते लवकर होत नाही." मग स्क्रीननं माझं नाव विचारलं. मी टाइप केलं. मग कॉम्प्युटरचं नाव विचारलं.

"याला काय नाव देऊ, काका?"

"घरचं दे."

मी 'अभनपूर' लिहिलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि निळ्या स्क्रीनवर माझं नाव आणि माझ्या गावाचं नाव शेजारीशेजारी आलं. काका खूश होऊन म्हणाले, "घे पोट्ट्या, मालक झाला!" त्यांनी तो पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून दिला. त्या दिवसापासून सायबर कॅफे असो की मित्राची खोली, जिथे मशीन मिळेल तिथे मी माझा कॉम्प्युटर लावून शिकत बसायचो. आज जे काही मला येतं त्याची सुरुवात त्या चार जीबीत आहे.

आता पुढचं सांगतो. इथपर्यंतचं मी अनेकांना सांगितलेलं आहे. पुढचं नाही.

ऑफिसात शहरातल्या कॉलेजमधून दोन नवे ऑपरेटर आले. चांगले कपडे, भराभर इंग्रजी. एकदा मी काकांकडून शिकलेल्या पद्धतीनं डबा उघडून बसलो होतो, तर त्यातला एक म्हणाला, "क्या भैया, ग्रेजुएशन पेंचकस में किए थे क्या?" दुसरा हसला. मीही हसलो. पण पेंचकस, म्हणजे तो स्क्रूड्रायव्हर, त्या दिवशी मी ड्रॉवरच्या तळाशी टाकला. बाबांनी हात धुऊन घेतलेला कागद माझ्याकडे होता. मी काही मेकॅनिक नव्हतो. असं मला तेव्हा वाटलं, आणि ते जसं वाटलं तसंच लिहिलं पाहिजे.

काही दिवसांनी मी आठ जीबीचा नवा पेनड्राइव्ह घेतला. जुन्यात जागा उरली नव्हती. ऑफिसातलं सगळ्यात नवं आणि वेगवान मशीन साहेबांच्या स्टेनो मॅडमचं होतं. शनिवारी दुपारी मॅडम गेल्या आणि मी त्या मशीनवर बसलो. ते दोघं पलीकडच्या टेबलावर होते. तार काढायची म्हणजे ड्रॉवर उघडायचा, पेंचकस काढायचा, गुडघ्यांवर बसायचं.

मी तार काढली नाही.

कुठे बसवायचं, असं स्क्रीननं विचारलं तेव्हा मी पेनड्राइव्ह निवडला. दोनदा वाचून निवडला. पण त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती. मशीनला जागं करणारा छोटासा प्रोग्राम कुठे ठेवायचा, ते तिथे विचारलेलं असतं, आणि तिथे मशीनची डिस्क आधीच भरलेली असते. ती ओळ मी वाचली नाही. काम झालं, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं, मी त्या दोघांना ते दाखवलंही. मग मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून खिशात टाकला आणि बसनं अभनपूरला गेलो.

सोमवारी साडेदहाला स्टेनो मॅडमच्या स्क्रीनवर काळोख, आणि वर इंग्रजीत पांढरी एक ओळ. साहेबांना साडेअकराला मंत्रालयात सादरीकरण करायचं होतं आणि ते त्याच मशीनमध्ये होतं.

मी ती ओळ पाहिली आणि मला कळलं. मशीनला जागं करणारा प्रोग्राम मी मॅडमच्या डिस्कवर ठेवला होता, आणि तो आपला उरलेला अर्धा भाग शोधत होता. तो अर्धा भाग माझ्या पँटच्या खिशात होता. पेनड्राइव्ह लावला असता तर दोन मिनिटांत मशीन सुरू झालं असतं. पण लावला असता तर स्क्रीनवर आधी लिनक्सची यादी आली असती, आणि कोणी काय केलं ते सगळ्यांना दिसलं असतं. महिनाअखेर माझं कंत्राट संपत होतं. ते वाढवायची फाईल साहेबांच्या टेबलावर, फळ्यासमोर, पडलेली होती.

काकांना फोन गेला. ते सायकल दामटत आले, खिडकीच्या गजांना हात लावला, बडे बाबूंनी अर्धवट उठून हात जोडले. मग काका स्क्रीनजवळ वाकले आणि नेहमीसारखं बोट धरून वाचायला लागले.

"नो... सच..."

तिथेच थांबले. पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही. मी त्यांना एखादी ओळ अर्धवट सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब दारात उभे होते. स्टेनो मॅडम, बडे बाबू, ते दोघं, सगळे भोवती. काकांनी पिशवीत हात घातला, काहीतरी चाचपल्यासारखं केलं, आणि माझ्याकडे न बघता मराठीत, सहज आवाजात विचारलं, "पेनड्राइव्ह आहे काय रे तुझ्याजवळ?"

त्या खोलीत मराठी समजणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी दार उघडून धरलं होतं, फक्त माझ्यापुरतं. मी दिला असता तर स्क्रीनसमोर पाठ करून उभं राहून त्यांनी ते कसंही निभावलं असतं. हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळलं होतं.

"नाही, काका," मी म्हणालो.

"बरं."

मग त्यांनी लांबची वाट धरली. सीडीवरून मशीन सुरू करायचं, तर त्या मशीनचा सीडीचा कप्पा बाहेरच येईना. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ आमच्या सगळ्याच मशीनांत बसलेली असायची. दुसऱ्या मशीनचा कप्पा खोलून आणला, जोडला, पुसला. चाळीस मिनिटं लागली. मी त्यांना टॉर्च धरून उभा होतो. खिशातला पेनड्राइव्ह मांडीला टोचत होता. दर पाच मिनिटांनी साहेब घड्याळ बघत आणि बडे बाबू म्हणत, "भैया, जल्दी कीजिए ना." काका "हव, हव" म्हणत राहिले. मशीन सुरू झालं. फाईल जशीच्या तशी होती. पण साहेब मंत्रालयात पोचले तेव्हा त्यांची पाळी होऊन गेली होती.

साहेब परत येईपर्यंत बडे बाबूंनी काकांना बसवून ठेवलं. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी होतो.

"पिछले हफ्ते इस मशीन को किसने खोला था?"

काका मागच्या आठवड्यात पंखा साफ करायला आले होते. सगळ्यांना माहीत होतं.

"खोला तो मैंने ही था, साहब."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ते फळ्यासमोर उभे होते, हातात जेवणाच्या डब्याचं झाकण, त्यात स्क्रू. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नसावं.

एजन्सीला पत्र लिहायचं ठरलं. बडे बाबूंनी सांगितलं आणि मी टाइप केलं, त्याच मशीनवर, कारण ते वेगवान होतं.

"लिखो, आपके मैकेनिक श्री... नाम डालो... की लापरवाही के कारण." मग थोडं थांबून, "घोर लिखो, घोर. सिर्फ लापरवाही में दम नहीं है."

मी 'घोर' लिहिलं. भविष्यात या मेकॅनिकला आमच्या कार्यालयात पाठवू नये, असं लिहिलं. पत्र छापून निघाल्यावर बडे बाबूंनी ते नाकाजवळ धरून वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "एक गलती नहीं. वाह बेटा."

संध्याकाळी फाटकाशी काका सायकलचं कुलूप काढत होते. मी टाळू शकलो नाही.

"तार नव्हती काढली ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"पुढच्या वेळी काढजो." सायकलवर टांग टाकताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अन् जेवला नाहीस वाटते. जेवून घेजो."

माझं कंत्राट वाढलं. एजन्सीनं त्यांना काढलं, हे मला महिन्याभरानं कळलं. सदर बाजारात एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात, कोपऱ्यात स्टूल टाकून ते बसायला लागले होते. मोबाईल, रेडिओ, जे येईल ते. मी सदर बाजारातून जाणं सोडलं. मागच्या गल्लीनं गेलं तर दहा मिनिटं जास्त लागतात. मी ती वर्षानुवर्षं घालवली.

एकदाच चुकलो. पुढे ट्रक अडकलेला, मागे स्कूटरी, आणि माझी गाडी नेमकी त्या दुकानासमोर उभी. काकांनी मान वर केली. ओळखलं. हसले, आणि हात उचलून स्वतःच्या शर्टाच्या खिशावर दोनदा थोपटलं, जिथे तार असायची तिथे. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

त्याच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर अभ्यास करून मी परीक्षा दिली. नोकरी कायम झाली. मग ऑफिस नव्या रायपुरात गेलं, काचेच्या इमारतीत, जिथे फळा नाही आणि खिडकीला गजही नाहीत. हलवाहलवीत जुन्या फायली वेगळ्या करायचं काम माझ्याकडे आलं, आणि एका फायलीत ते पत्र निघालं. टाइप करणाऱ्यानं खाली डाव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची आमच्याकडे पद्धत होती. ती होती.

साहेब केव्हाच निवृत्त झाले होते, बडे बाबूही. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यांपैकी त्या मजल्यावर कोणी उरलं नव्हतं. राहिले होते ते एकटे काका. मी पत्राची झेरॉक्स काढली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि सदर बाजारात गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. मराठीत बोलायचं, हे ठरवलं होतं.

दुकानात घड्याळवाला एकटाच होता. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं, आणि काउंटरवर जेवणाच्या डब्याचं ते स्टीलचं झाकण. त्यात आता घड्याळाचे बारीक स्क्रू होते. "काका नहीं हैं?" मी विचारलं.

"वो तो नहीं रहे भैया," तो म्हणाला. "दो साल हो गए. कोई काम था?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

"आप अभनपुर वाले हैं क्या? वो बहुत बताते थे. कहते थे, मेरा एक लड़का है सरकारी दफ्तर में, कंप्यूटर का सारा काम वही देखता है, मैंने ही सिखाया. हम हँसते थे, कि फिर कभी आता क्यों नहीं? तो कहते, काम में होगा."

खिशातल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. मी ते बोटानं आत दाबलं.

"आप वही हैं ना?"

"नहीं," मी म्हणालो.

तेवढाच एक शब्द. या वेळी भोवती साहेब नव्हते, खिडकीबाहेर मंदिर नव्हतं, टेबलावर माझी कुठली फाईल नव्हती.

घड्याळवाल्यानं कोपऱ्यातलं स्टूल हातानं पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"कोई बात नहीं. बैठिए ना."

मी बसलो नाही.